सारूबाईपुढून नेलेलं ताट

हे मी माझ्या बायकोपाशीसुद्धा बोललो नाही. ती गेली तेव्हा उशाशी बसून मी प्रार्थना केली, गीत म्हटलं — आणि हे तेवढं पोटातच ठेवलं. पोरांना माहीत नाही, पाद्रीबाबांना माहीत नाही. आता लिहायला बसलो आहे, ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. मला राग आला आहे. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, तेही मोठेपणी मिशनच्या शाळेत. तेव्हा अक्षराला हसायचं असेल तर हसा. पण शेवटपर्यंत वाचा.

राग कशाचा, ते सांगतो.

विलायतेच्या सरकारनं रशियाकडून एक जुनं पुस्तक विकत घेतलं, ही बातमी तुमच्याही कानावर आली असेल. आपल्या शास्त्राची, बायबलची, ग्रीक भाषेतली हाती लिहिलेली प्रत. सोळाशे वर्षं जुनी, कातड्याच्या पानांची, सीनाय डोंगराखालच्या मठात सापडलेली. लंडनात ती काचेखाली मांडली आहे आणि लोक रांगा लावून बघतात म्हणे. आमच्या मंडळीचे पाद्रीबाबा नवे आहेत, तरणे आहेत. त्यांनी रविवारी उपासना संपल्यावर ती बातमी वाचून दाखवली आणि एकदम माझ्याकडं हात केला. "लंडनच्या लोकांच्या आधी आपल्या सोलापुरात हे पुस्तक एका माणसाला ठाऊक होतं! गिरणीत जॉबरकी, मुकादमी केलेला माणूस, पण पंचांच्या बैठकीत उठून यांनी त्याचा दाखला दिला होता. आपले दौलतनाना!"

सगळी मंडळी वळून माझ्याकडं बघायला लागली. एकजण तर म्हणाला, "नाना, तुमी लई खोल हायसा की!" आणि आता ठरलं आहे की येत्या सणाला मला हार घालायचा, दोन शब्द बोलायला लावायचं.

हार! माझ्या गळ्यात!

पाद्रीबाबांना हे कुणी सांगितलं असेल? जुन्या पंचांपैकीच कुणीतरी. त्याला दाखला आठवला. पुस्तक आठवलं. मी कसा ताठ उभा राहिलो तेही आठवलं. पण तो दाखला कशासाठी दिला होता — कुणाच्या अंगावर टाकला होता — ते आठवलं नाही? का आठवून गिळलं? ज्या बाईवरून एवढं सगळं झालं, तिचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. याची तुम्हाला चीड येत नाही? मला येते. माझी मलाही येते. पण ती नंतर.

त्या बाईचं नाव सारूबाई. गिरणीच्या रीळ खात्यात कामाला होती. नवरा जर्मन लढाईच्या वेळी पलटणीबरोबर बसऱ्याला गेला, तो गेलाच. मेल्याचा कागद आला नाही, जिवंत असल्याचंही कुणी सांगितलं नाही. सारूबाईनं काही वर्षं वाट बघितली, मग मोहोळकडच्या एका माणसाच्या घरात राहिली. तो गिरणीत बॉयलरवर कोळसा टाकायचा. लग्न लावायची सोय नव्हती — नवरा मेला असं कोण म्हणणार? मंडळीनं तिला प्रभुभोजन बंद केलं. रीतच होती तशी. ज्याला भोजन बंद, त्यानं भोजनाच्या रविवारी देवळाबाहेर — चर्चला आम्ही देऊळच म्हणतो — पायरीवर बसायचं. आत भाकर-प्याला फिरतो तोवर बाहेर. त्या माणसापासून तिला एक मुलगी झाली. पुढं तो पटकीनं मेला. मग सारूबाई मुलीला कडेवर घेऊन पाद्रीबाबांकडं आली — हे आताचे नव्हेत, तेव्हाचे, म्हातारे — आणि म्हणाली, मला परत आत घ्या.

एवढंच मागणं होतं तिचं. आत बसू द्या, आणि एक तुकडा द्या.

आता त्या पुस्तकाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तेव्हा आमच्याकडं मिशनचे एक साहेब होते. उंच, वाळके, ग्रीक शिकलेले. मराठी शास्त्राचं भाषांतर सुधारायच्या कामात ते असायचे. मराठी चांगलं बोलायचे, पण बाई-बुवा एक करायचे — "ही दरवाजा लाव," असं. देवळाच्या छपराचं काम निघालं होतं म्हणून मी बंगल्यावर जात होतो. एक दिवस टेबलावर फोटो पडलेले. मी विचारलं, हे काय? साहेबांना कुणी विचारलेलं आवडायचं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. लक्षात घ्या, खुर्चीवर! आणि त्या पुस्तकाच्या पानांचे फोटो दाखवले.

एका पानावर चार उभे रकाने. अक्षरं सगळी मोठी, आणि शब्दाशब्दांत फट नाही. कणसात जोंधळे बसावेत तशी एकाला एक चिकटलेली. समासात मागाहून कुणी कुणी बारीक अक्षरात दुरुस्त्या केलेल्या. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी मी मान हलवत होतो. मग साहेबांनी एका ठिकाणी बोट टेकवलं. म्हणाले, योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट आहे ना — तिला दगडमार करायला आणतात, प्रभू खाली वाकून बोटानं जमिनीवर लिहितो, आणि म्हणतो की ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड टाकावा — ती गोष्ट इथं यायला हवी. पण या पुस्तकात ती नाही. मागची ओळ संपते आणि लगेच पुढची सुरू होते. मध्ये जागासुद्धा सोडलेली नाही.

मी हबकलो. "म्हंजे साहेब, ती खोटी?"

साहेब हसले नाहीत. आणि त्यांनी जे सांगितलं ते मला आजही शब्दाला शब्द पाठ आहे, कारण तेच मी चोरून ठेवलं. ते म्हणाले, "नाही, दौलतराव. हा गोष्ट फार जुनी आहे. लोकांच्या तोंडी होती. तिला घर नव्हतं. कुणी योहानात ठेवली, कुणी लूकाच्या पुस्तकात ठेवली, कुणी अगदी शेवटी ठेवली. पण टाकून द्यायला कुणाचं मन झालं नाही. मला विचारशील तर ती प्रभूचीच आहे."

कळलं? एका माणसानं मला एकाच बैठकीत दोन गोष्टी सांगितल्या. जुन्या पुस्तकात नाही — ही एक. तरी ती प्रभूचीच — ही दुसरी. मी घरी जाताना दोन्ही घेऊन गेलो. बैठकीत एकच काढली.

बैठक उन्हाळ्यात झाली. साहेब महाबळेश्वरला थंड हवेला गेलेले. आम्ही पंच शाळेच्या खोलीत बसलो होतो आणि सारूबाई बाहेर लिंबाखाली मुलीला घेऊन बसलेली — दारातून मला दिसत होती. पाद्रीबाबांनी तीच गोष्ट वाचली, दगड टाकणाऱ्यांची. ते लोक म्हाताऱ्यांपासून सुरुवात करून एकेक निघून गेले, इथपर्यंत वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "बोला. आपल्यात कोण दगड उचलतो?"

आमची रीत अशी की सगळ्या पंचांचे हात वर झाले तरच माणूस आत. एक हात खाली राहिला की संपलं. हात वर व्हायला लागले. माझ्या उजवीकडचा झाला, डावीकडचा झाला. मी बसून राहिलो.

"नाना?"

"पाद्रीबाबा, ही गोष्ट शास्त्रातली न्हाय."

"काय बोलताय?"

"मी न्हाय बोलत. साहेब बोलत्यात. समद्यात जुनं पुस्तक हाय ग्रीक, त्याच्यात ही न्हाय. मागनं कुणीतरी घुसडली."

पाद्रीबाबा मला म्हणाले, "साहेब असं म्हणाले? तुमच्याशी?"

"व्हय. देवाचं काम चाललंय हितं. खोटं कशाला बोलू?"

आणि खोटं बोललोच नव्हतो की! हेच तर मला आज सहन होत नाही. सबंध खोटं बोललो असतो तर कधीतरी कुणी धरलं असतं. अर्धं खरं बोललो, ते कुणाला धरता येईना. पाद्रीबाबांना ग्रीक येत नव्हतं. महाबळेश्वरला चार ओळी लिहून विचारता आलं असतं — नाही विचारलं. आपल्याला जे ठाऊक नाही ते गिरणीतल्या जॉबरला ठाऊक आहे, याची त्यांना लाज वाटली. वर झालेले हात एकेक करून खाली आले. त्या गोष्टीतले म्हातारे निदान उठून निघून तरी गेले. आम्ही बसून राहिलो. चहासुद्धा घेतला.

मग मी का केलं हे? धर्मासाठी केलं असं तेव्हा मी स्वतःला सांगत होतो. मंडळी शुद्ध राहावी म्हणून. लोकांनी ते खरं मानलं, म्हणून मीही मानलं. पण तुम्ही मला मित्रासारखे, तेव्हा ऐका खरं. एकदा — ती मोहोळवाल्याकडं जायच्याही आधी — रविवारी शास्त्र वाचायची पाळी माझी होती. नव्यानं वाचायला शिकलो होतो. मध्येच अडलो. तेव्हा बायकांच्या सतरंजीवरून सारूबाईनं पुढची ओळ तोंडपाठ म्हटली. हळूच म्हटली, मला मदत म्हणूनच म्हटली असेल. सगळे हसले. उपासनेनंतर नळावर ती मला म्हणाली, "नाना, पुस्तक उलटं तर न्हवतं धरलं?" बायका पुन्हा हसल्या. ती थट्टा होती, साधी, नळावरची.

ती थट्टा मी सांभाळून ठेवली. कितीतरी वर्षं सांभाळली, आणि त्या खोलीत वापरली. तिनं पुस्तकावरून माझं हसं केलं होतं. मी तिला पुस्तकावरूनच बाहेर ठेवलं. बास. याच्यावर आणखी काही कारण नाही. असतं तर मला बरं वाटलं असतं!

साहेब जूनमध्ये परत आले. पहिल्याच भेटीत विचारलं, "सारूबाईचं काय झालं? घेतलं ना आत?" तोंड उघडायला याहून चांगली वेळ कोणती होती? मी म्हणालो, "तीच नगं म्हणती, साहेब. तिचं मन न्हाय." साहेबांनी मान खाली घातली. पाद्रीबाबांनी लाजेपायी त्यांच्यापाशी हा विषय कधी काढलाच नाही. ते बरेच रविवार खेड्यांतून फिरायचे, पण सोलापुरात असले आणि ती पायरीवर बसलेली दिसली की हळहळायचे — एवढी जवळ येऊन आत का येत नाही ही बाई? आणि बैठकीतलं कानावर गेल्यामुळं सारूबाईला वाटायचं, साहेबांचाच हुकूम आहे, साहेबांच्याच पुस्तकात आपल्याला माफी नाही. ती त्यांच्याकडं बघून पदर पुढं ओढून घ्यायची. दोघं समोरासमोर. मधे मी, प्रभुभोजनाचं पितळेचं ताट धरून.

तुम्ही म्हणाल, काळ तसा होता, रीती कडक होत्या. मला हे कुणी बोलून दाखवू नका, मला संताप येतो. पाद्रीबाबा त्याच काळातले होते, त्यांनी हात वर केला होता. माझ्या उजवीकडच्यानं केला, डावीकडच्यानं केला. काळानं त्यांना अडवलं नाही.

आणखी एक आहे. इतका वेळ मी बैठकीचंच बोलतो आहे, कारण बैठकीचं सांगणं सोपं आहे. तिथं पुष्कळ माणसं होती. पुढचं मी एकट्यानं केलं.

साहेब कायमचे मायदेशी गेले. त्यानंतरच्या एका भोजनाच्या रविवारी सारूबाई पायरीवर बसली नाही. मुलीला पायरीवर बसवून ती आत आली आणि शेवटच्या ओळीत, दाराकडच्या टोकाला बसली. सगळ्यांनी बघितलं. कुणी तिला उठवलं नाही. पाद्रीबाबा टेबलापाशी डोळे मिटून उभे होते — खरंच मिटले होते की नाही, देवाला ठाऊक. ताट फिरवायचं काम माझं. मी एकेक ओळ घेत गेलो. पावाचे तुकडे कमी होत गेले. शेवटच्या ओळीला आलो.

तिनं हात पुढं केला. उजव्या हाताखाली डावा धरून, ओंजळीसारखा. सुतानं चिरलेली बोटं, त्यात काळं गेलेलं. वर बघून ती एवढंच म्हणाली, "नाना."

मी थांबलो. हे मुद्दाम सांगतो — थांबलो. घाईत सुटलं असतं तर मी आज सांगितलं असतं की घाईत सुटलं. मी थांबलो, ताटात बघितलं, तुकडा होता. तिच्या हाताकडं बघितलं. साहेबांचं बोलणं आठवलं, दुसरं, चोरलेलं — ते त्या क्षणाला माझ्या कानात होतं. आणि मी ताट उचललं, तिच्या हातावरून नेलं आणि वळलो.

ती रडली नाही. हात पदराला पुसला. लोक गीत म्हणायला उभे राहिले तेव्हा तीही उभी राहिली, पूर्ण म्हटलं, तिला सगळं पाठ होतं. मग मुलीचा हात धरून गेली. ती परत आली नाही. उरलेले तुकडे पंचांनी संपवायचे, ही आमची रीत. तो एक तुकडा उरला होता. तो मी खाल्ला. बाहेर आल्यावर दोघातिघांनी माझा हात दाबला — "नाना, पंच असावा तर असा."

असा! बघा, असा होता पंच!

आता हाराचं ठरल्यावर मला घरात बसवेना. सारूबाई जेऊरला गेली होती एवढं ऐकून होतो. गेल्या आठवड्यात गाडीत बसलो आणि जेऊरला उतरलो. म्हटलं, शोधायची, समोर उभं राहायचं आणि सगळं सांगायचं. स्टेशनावर विचारलं तर कळलं की तिच्या मुलीचा नवरा तिथंच रेल्वेत सांधेवाला आहे. त्याच्या खोलीवर गेलो. मुलगी दारात जोंधळे पाखडत बसली होती. आईचाच चेहरा.

"कोन पायजे?"

"सारूबाई हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

"आई जाऊन दोन वरसं झाली. तुमी कुटलं?"

"सोलापूर."

ती उठली. सूप बाजूला केलं, पाणी दिलं. म्हणाली, "आई तितलीच. तुमची वळख हुती का आईशी?"

एवढा लांब आलो होतो तो याच प्रश्नासाठी. आणि ह्या तोंडातून काय बाहेर पडलं असेल?

"न्हाय," म्हणालो. "गिरणीत नाव ऐकलं हुतं."

तिनं मला नीट बघितलं. ओळख पटली नसावी. ती तेव्हा लहान होती, पायरीवर बसलेली. आत काय झालं ते तिला दिसलंही नसेल. म्हणाली, "उनाचं आलाय बाबा, तसंच जाऊ नगा." चूल पेटलेलीच होती. तव्यावरची भाकरी काढली, तिच्यावर मिरचीचा ठेचा घातला. ताट नव्हतं रिकामं, म्हणून म्हणाली, "हातावरच घ्या."

मी हात पुढं केला. तिनं भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी ती सगळी खाल्ली, आणि नाव न सांगता उठून आलो.